डॉक्टरकी हुकली म्हणून नव्हे

रक्तगट तपासण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, एकात अँटी-ए मिसळायचं, दुसऱ्यात अँटी-बी. ज्या थेंबात दाणे धरतील त्यावरून गट ठरतो. दोन्हीकडे काहीच झालं नाही, तर 'ओ'. बहुतेकांची समजूत इथेच संपते. पण १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त जगासमोर आणलं, जे या पहिल्या पायरीवर 'ओ' दिसतं आणि प्रत्यक्षात 'ओ' नसतं. 'ओ' गटाच्या पेशींवर निदान 'एच' नावाचा घटक तरी असतो. या रक्तात तोही नव्हता. उलट त्या 'एच'वर तुटून पडणारी प्रतिद्रव्यं त्यात होती. अशा माणसाला 'ओ' गटाचं रक्त चढवलं, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. हा गट आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो आणि भारतात साधारण दहा हजार माणसांमागे एकाचा असतो.

हा माणूस ओळखायचा कसा? उलट तपासणी करून. रुग्णाच्या रक्तातला द्रव वेगळा काढायचा आणि त्यात ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या माहितीतल्या पेशी घालून पाहायच्या. खरा 'ओ' गट असेल तर ओ पेशींच्या नळीत काहीही होत नाही. इथे मात्र त्या नळीतही दाणे धरतात. त्या क्षणी हात थांबायला हवा, कागदावर 'ओ' लिहिणारं पेन थांबायला हवं, आणि हे कशामुळे झालं असेल हे डोक्यात यायला हवं.

रक्तपेढीत त्या टेबलाशी उभा असलेला माणूस सहसा एमबीबीएस झालेला नसतो. तो तंत्रज्ञ असतो किंवा विज्ञानाचा पदवीधर असतो. रुग्णाला त्याचं नावही कळत नाही.

अशी माणसं घडवणारं शिक्षण म्हणजे बायोमेडिकल सायन्स, म्हणजेच जैववैद्यक विज्ञान. महाराष्ट्रात या नेमक्या नावाची पदवी फारशी रुळलेली नाही. दिल्ली विद्यापीठात आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि शहीद राजगुरू या महाविद्यालयांत ती ऑनर्स अभ्यासक्रम म्हणून शिकवली जाते. आपल्याकडे हाच मजकूर मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस अशा पाट्यांखाली विखुरलेला आहे; शिवाय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीचे अभ्यासक्रम आहेत. पुष्कळ पालक याला बायोमेडिकल इंजिनिअरिंग समजतात. ते वेगळं, ती यंत्रांची विद्या. इथे विषय आहे माणसाचं शरीर आणि त्याचे आजार, पण रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून नव्हे, तर त्याच्या रक्त-लघवी-पेशींच्या नमुन्यातून वाचलेले.

आता या पदवीकडे विद्यार्थी येतात कसे ते पाहा. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार, त्यातल्या परवडणाऱ्या सरकारी जागा साधारण निम्म्या. म्हणजे विसातल्या एकोणीस मुलांना डॉक्टर होता येणार नाही, हे परीक्षेआधीच ठरलेलं असतं. निकाल लागला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. एक वर्ष ड्रॉप, कधी दुसरं ड्रॉप, आणि मग कुणीतरी काका सांगतात, "बीएस्सीला तरी घालून ठेवा, वर्ष वाया नको." त्या 'तरी'मध्ये या शिक्षणाचं सगळं दुखणं आहे. मुलगी वर्गात बसते ती हरलेल्या मनाने. बॅगेत अजून नीटचीच पुस्तकं असतात. पहिलं वर्ष असंच जातं आणि पेशीशास्त्र, जीवरसायन, शरीरक्रिया या ज्या तीन विषयांवर पुढची सगळी इमारत उभी राहायची, त्यांचा पाया कच्चा राहतो.

काही संस्था या मनःस्थितीचा धंदा करतात. "मेडिकल फील्डमध्येच राहा" अशी जाहिरात, पांढरा कोट घातलेल्या मुलीचा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप. विद्यार्थ्यांना कुणी स्पष्ट सांगत नाही की भारतात बीएस्सीवरून एमबीबीएसच्या मधल्या वर्षात जाण्याची वाट नाही. कुणी हेही सांगत नाही की २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही कुणाची हवी हे स्पष्ट केलं आहे: पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. पदवी घेऊन गावात स्वतःची लॅब टाकू, स्वतः सही करू, असं स्वप्न दाखवून प्रवेश देणं ही शुद्ध फसवणूक आहे.

या पदवीची खरी किंमत समजून घ्यायची असेल तर पुण्यातल्या एका घराची गोष्ट सांगायला हवी. कमल समर्थ १९१७ मध्ये जन्मल्या. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केलं नाही. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, पुढे रणदिवे होऊन मुंबईला आली आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर काम करू लागली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी झाली. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये 'हेला' पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या. परत येऊन कमलाबाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनच्या स्थापनेत त्या पुढे होत्या, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

डॉक्टर झाल्या असत्या तर त्यांनी पुण्यात चांगलीच प्रॅक्टिस केली असती, यात शंका नाही. पण देशाला पेशी वाढवायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं.

त्यांच्याआधी दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहिणीने, कमला सोहोनींनी, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ बाई म्हणून नाकारल्या गेलेल्या प्रवेशासाठी सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडा मांडला होता, आणि १९३९ मध्ये केंब्रिजहून जीवरसायनातली पीएचडी आणली होती. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी निरेवर आणि गरिबाच्या ताटातल्या अन्नावर काम केलं. या दोघींपैकी कुणीही 'डॉक्टरकी हुकली' म्हणून प्रयोगशाळेत आली नव्हती.

परंपरेचं म्हणाल तर महाराष्ट्राइतकी ती क्वचितच कुठे असेल. मुंबईत प्लेगने थैमान घातलं असताना वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या कामातून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. जानेवारी २०२० मध्ये केरळातल्या देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचा नमुना तपासायला आला तो इथेच. मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीने देशी बनावटीचं पहिलं मान्यताप्राप्त कोविड तपासणी किट बाजारात आणलं. ते बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले या विषाणूशास्त्रज्ञ होत्या आणि बाळंतपणाच्या अगदी तोंडावर त्यांनी ते काम पुरं केलं. पुढच्या महिन्यांत गावोगावच्या प्रयोगशाळांत पीपीई किट घालून ज्यांनी आरटीपीसीआरच्या यंत्रांशी रात्रपाळ्या काढल्या, त्यांतली कितीतरी मुलं-मुली मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेकची पदवीधर होती. साथीच्या सुरुवातीला त्यांच्यासाठीही थाळ्या वाजल्या होत्या. नंतर मात्र कंत्राटं संपली आणि बरीचशी घरी गेली.

आता शिकवण्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

संलग्न महाविद्यालयातलं प्रॅक्टिकल कसं चालतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वीस मुलांची बॅच, एक चालू सूक्ष्मदर्शक, दोन बंद. एकजण पिपेट धरतो, बाकीचे बघतात, आणि वाचन सगळ्यांचं सारखंच येतं कारण ते गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं असतं. इलेक्ट्रोफोरेसिसची जेल वर्षातून एकदा, तीही सरांनीच चालवलेली. व्हायवात व्याख्या विचारतात आणि मुलं व्याख्या सांगतात. शिक्षकही हतबल असतात. तासिका तत्त्वावर नेमलेल्या माणसाकडून रिएजंटसाठी भांडण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

यात काय हरवतं हे एका उदाहरणावरून कळेल. रक्त ज्या नळ्यांत घेतात त्यांच्या झाकणांचे रंग ठरलेले असतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. बहुधा ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असतं आणि कॅल्शियमला पकडून ठेवणं हेच त्याचं काम. समजा वॉर्डात गडबड आहे. दुसऱ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या नळीतलं थोडं त्यात ओतलं. प्रयोगशाळेत यंत्र आकडा दाखवतं: पोटॅशियम ८. निरोगी माणसात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. ८ म्हणजे हृदय कधीही थांबेल अशी अवस्था. यंत्राचा आकडा तसाच वर पाठवला तर डॉक्टर पोटॅशियम उतरवण्याची औषधं धावपळीने सुरू करतील आणि पोटॅशियम ठीक असलेल्या माणसाचं ते धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतील.

पण नीट शिकलेली मुलगी त्या आकड्याशेजारचा दुसरा आकडा बघते. कॅल्शियम अशक्य वाटावं इतकं खाली गेलंय. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही पडलंय, कारण त्याला लागणारे धातूही ईडीटीएने बांधून टाकलेत. एकदम चढलेलं पोटॅशियम आणि एकदम उतरलेलं कॅल्शियम ही जोडी तिला ओळखीची असते. ती वॉर्डात फोन करते आणि नवीन नमुना मागवते. हे यंत्र करत नाही. हे पुस्तकातल्या एका ओळीवरून जमतही नाही. त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः कधीतरी मुद्दाम नमुना बिघडवून, आकडे कसे हलतात हे डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. असे प्रयोग किती महाविद्यालयांत होतात?

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे ध्येय. गावात जी पहिली चाचणी करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचे थोडे थेंब घालायचे, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे.

पण आहे म्हणजे किती? या चाचणीत आजारी माणूस आणि नुसता वाहक, दोघांच्याही रेघा पुसल्या जातात. वाहकाला आयुष्यभर सहसा काही त्रास होत नाही. आजाऱ्याला वेदनांचे झटके येतात, रुग्णालयाच्या फेऱ्या कराव्या लागतात. दोघांतला फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पहिल्या चाचणीवर थांबून एखाद्या धडधाकट मुलीच्या नावापुढे 'सिकलसेल' लिहिलं गेलं तर तिचं लग्न जमणं मुश्कील होतं. याउलट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त अजून गर्भातल्या हिमोग्लोबिननेच भरलेलं असतं, त्याच्या नळीमागच्या रेघा स्वच्छ दिसतात आणि आजार निसटतो. अंगात रक्तच फार कमी असेल तरी चाचणी फसू शकते. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. हे जोडप्याला त्यांच्या भाषेत, न घाबरवता सांगायलाही कुणीतरी लागतं. जे शिक्षण या सगळ्याची समज देतं त्याला बारावीनंतरची 'तडजोड' म्हणणं हा त्या मुलांचा नुसता अपमान नाही, गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या आणि मेळघाटातल्या धारणीच्या रुग्णांशी केलेला दुजाभाव आहे.

कायद्याच्या अंगाने मात्र एक चांगली गोष्ट घडली आहे. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टातला पहिलाच गट वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवविज्ञान व्यावसायिकांचा आहे. या कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत विभागलेलं पदवी शिक्षण लागतं. तासांचं हे मोजमाप महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे पदवीच्या कागदापेक्षा हाताला मिळालेल्या सरावाबद्दल प्रश्न विचारता येतो. मात्र नोंदवह्या आणि राज्य परिषदा पूर्ण ताकदीने चालू झाल्या तरच त्याला अर्थ.

ब्रिटनमध्ये ही घडी जुनी आहे. तिथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही उपाधी कायद्याने राखलेली आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कुणी ती नावापुढे लावू शकत नाही. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते आणि तिच्यासोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेऊन, केलेल्या कामाचा पुरावा म्हणून भरलेली फाइलही. इथून लाखो रुपयांचं कर्ज काढून तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांनी ही गोष्ट विमानात बसण्याआधी तपासावी. विद्यापीठाचं नाव मोठं असलं तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सने मान्य केलेला नसेल, तर पदवीनंतर आणखी विषय पदरमोड करून पुरे करावे लागतात. मास्टर्स केलं म्हणजे रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी मिळेलच, हे एजंट सांगतात. तिकडचा कायदा तसं सांगत नाही.

इथे राहून पुढे जायचं तर वाटा आहेत. 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन मोठ्या संस्थांत एमएस्सी, नेट उत्तीर्ण होऊन पीएचडी. २०२३ पासून जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये झाली आहे. पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. लस आणि औषध कंपन्या पुण्या-मुंबईतच आहेत. ज्याला रुग्णालयातच काम करायचंय त्याच्यासाठी लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीची इंटर्नशिपसह पदवी जास्त सरळ आहे, आणि हे प्रवेशाच्या खिडकीवरच सांगायला हवं. संशोधनाची ओढ असलेली मुलगी आणि रुग्णालयात स्थिर नोकरी हवी असलेली मुलगी, दोघींना एकच माहितीपत्रक हातात देऊन चालणार नाही.

राज्य सरकारने करण्यासारखं बरंच काही हाताशी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि कामाच्या जागी प्रशिक्षणाची गुणश्रेयं आणली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. हे प्रशिक्षण ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या पत्रावर भागवलं जाणार की जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, एवढाच प्रश्न आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने जवळच्या विज्ञान महाविद्यालयाशी करार करावा. मुलांनी तिथे नमुने स्वीकारावेत, नाकारावेत, रोज सकाळी कंट्रोल चालवून यंत्र बरोबर बोलतंय की नाही ते आलेखावर टिपावं, आणि चुकलेल्या आकड्यामागे धावावं. हाफकिन, एनआयव्ही, टाटा मेमोरियल आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं ज्या राज्यात आहेत तिथे जैववैद्यक विज्ञानाची एक पूर्ण ऑनर्स पदवी, सरकारी शुल्कात, या संस्थांच्या भागीदारीत सुरू न होण्याला आता कोणतंही कारण पुरेसं नाही. आणि शिकलेल्यांसाठी रुग्णालयांतली मंजूर पदं कंत्राटाशिवाय भरा. नाहीतर शिकवलेलं सगळं परदेशी जाईल किंवा मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या खुर्चीत बसेल.

पालकांना एक विनंती. जूनमध्ये प्रवेशासाठी कॉलेजात जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमधून थेट बाहेर पडू नका. प्रॅक्टिकल चालू असलेल्या दिवशी प्रयोगशाळा दाखवा म्हणावं. किती मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक, किती पिपेट, शेवटची जेल कधी चालली आणि ती कुणी चालवली, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. कुठल्या रुग्णालयात पाठवता, किती आठवडे, याचं उत्तर लेखी मागा. ते मिळालं नाही तर फी भरू नका.